खाडीतील वेग आणि सुकाणूचे शिक्षण

सकाळी आठच्या सुमारास डोंबिवली स्थानकाच्या फलाटावर गाडीची वाट पाहणाऱ्या माणसाला, तेथून पायी अर्ध्या तासाच्या अंतरावर एक रुंद आणि बहुतांशी रिकामा जलमार्ग वाहत आहे, याची आठवण क्वचितच होत असेल. कल्याणच्या दुर्गाडीखालून निघालेली ही उल्हास नदीची खाडी डोंबिवलीच्या मोठागावावरून, मुंब्रा-काल्हेरच्या बाजूने ठाण्याकडे येते आणि घोडबंदरला वळसा घालून वसईपाशी समुद्राला मिळते. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग ५३ व्या क्रमांकाचा राष्ट्रीय जलमार्ग ठरला. तेव्हापासून, आणि खरे तर त्याच्याही आधीपासून, या पाण्यावरून प्रवासी बोटी चालविण्याच्या योजना सतत चर्चेत आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदर यांच्यामध्ये वाहनांसह माणसे नेणारी रो-रो सेवा सुरू झाली, तेव्हा या चर्चेला थोडे मूर्त रूपही आले.

या चर्चेत धक्के किती बांधायचे, गाळ किती उपसायचा, तिकीट किती ठेवायचे, यांचा खल होतो. बोटी किती वेगाने जातील, हा प्रश्न तर सर्वांत आधी विचारला जातो. त्या बोटींच्या सुकाणूवर बसणारा माणूस काय शिकलेला असेल, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. वेगवान बोट ही पाण्यावरची मोटरगाडी आहे, ज्याला गाडी चालविता येते त्याला चार दिवसांत बोटही चालविता येईल, अशी एक समजूत या मौनामागे असावी. ही समजूत चुकीची आहे आणि तिची किंमत मोजण्याची पाळी प्रवाशांवर येते.

वाऱ्याची आणि भरतीची विद्या

ज्या खाडीविषयी आपण बोलत आहोत तिला नौकानयन नवे नाही. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आल्यानंतर शिवाजी महाराजांनी आपल्या आरमाराची जहाजे बांधण्यास याच खाडीच्या परिसरात प्रारंभ केला. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि पुढच्या वर्षी कल्याणपर्यंत आगगाडी धावू लागली. तिच्या आधी माल आणि माणसे यांची मोठी ने-आण पडावांतून आणि मचव्यांतूनच होत असे. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यासारख्या वस्त्या या पाण्याच्याच आधाराने वाढल्या.

ही सारी वाहतूक शिडाची होती, आणि शीड म्हणजे काही फुकटात मिळणारे इंजिन नव्हे. कोणतीही शिडाची होडी वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेशी साधारणपणे ४५ अंशांचा कोन राखून, एकदा या काठाकडे आणि एकदा त्या काठाकडे असे तिरपे टप्पे घेतच तिला पुढे सरकावे लागते. प्रत्येक वळणावर शीड एका बाजूने दुसऱ्या बाजूला घ्यायचे, आणि वारा पाठीमागून असताना ते आडवे फिरले तर त्याच्या तडाख्याने माणूस पाण्यात जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवायचे. वाऱ्याचा झोत येण्याआधी पाण्याचा पृष्ठभाग काळवंडतो. तो दिसताच दोर सैल करायचा, आणि वारा वाढणार असे दिसले की वेळीच शीड आखडायचे. हे सारे आधी सुचावे लागते. झोत येऊन आदळल्यानंतर सुचले तर त्याचा उपयोग नसतो.

यात भरतीची भर पडते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते, हा हिशेब कोकणच्या किनाऱ्यावर पोरासोरांनाही तोंडपाठ असे. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला अकरा-साडेअकरा, असे ते गणित. पण खाडीत जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा पोहोचते. पहाटेचा मतलई वारा आणि ओहोटी यांच्या साहाय्याने समुद्राकडे उतरायचे आणि दुपारचा खारा वारा व भरती यांच्या पाठबळावर परत चढायचे, ही तांडेलाची दिनचर्या होती. भरती चुकली तर होडी चिखलात रुतून सहा तास जात. निसर्गाशी भांडून चालत नाही, हे त्याला उपदेशातून कळत नसे. रोजच्या पोटापाण्याच्या कामातून ते अंगी मुरत असे.

यंत्राने यातले बरेचसे अनावश्यक करून टाकले. स्वातंत्र्यानंतर मच्छीमार नौकांवर इंजिने बसली. त्यामुळे कोळी समाजाचे कष्ट कमी झाले आणि त्यांची पोहोच वाढली, याबद्दल खेद करण्याचे काहीही कारण नाही. शिडाचे युग परत यावे असे म्हणणे हा निव्वळ भाबडेपणा ठरेल. ठाणे ते कल्याण हे लोहमार्गाचे अंतर सुमारे वीस किलोमीटर. खाडीचा वळणांचा मार्ग याहून कमी नाही, आणि साध्या शिडाच्या होडीने तो कापायला वारा अनुकूल असला तरी दोन तास सहज लागतील. कचेरी गाठणाऱ्या माणसाला तेवढी सवड नाही. तेव्हा बोटी यंत्राच्याच असणार आणि त्या वेगवानही असणार. प्रश्न आहे तो शिडाबरोबर जी शिस्त होती तिचे काय झाले, हा.

वेगाचे शास्त्र वेगळे

एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. पाणी कापीत जाणाऱ्या साध्या होडीच्या वेगाला तिच्या लांबीचीच मर्यादा असते. पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेली होडी साडेसहा-पावणेसात नॉटांच्या पुढे सहसा जात नाही; कारण तिनेच उठविलेली लाट तिला ओलांडता येत नाही. वेगवान मोटरबोट ही मर्यादा मोडते. तिच्या तळाची घडण अशी असते की पुरेशी शक्ती लावताच ती पाण्यातून उचलली जाऊन पृष्ठभागावरून घसरत धावू लागते. तिथून पुढे होडीचे नियम पालटतात.

सहा नॉटांनी जाणारी होडी एका सेकंदाला सुमारे तीन मीटर जाते. तीस नॉटांनी जाणारी पंधरा मीटरांहून अधिक. समोर तरंगणारे लाकूड, जाळ्याचा बोया किंवा एखादी डुगडुगती डोंगी दिसून हात हालेपर्यंत पाच सेकंद गेले, तर पहिलीने पंधरा मीटर आणि दुसरीने पाऊणशे मीटर अंतर तोडलेले असते. वेग पाचपट झाला की आघाताची शक्ती पंचवीसपट होते. आणि पाण्याला ब्रेक नसतो. इंजिन मागे फिरवून वेग मारावा लागतो, तोही इंजिन ठीक असेल तर. वेगात वळण घेताना बोट रस्त्यावरच्या गाडीसारखी वळत नाही, ती बाहेरच्या बाजूला घसरते. प्रवासी एका कडेला जमले तर तिचा तोल आणि तिची दिशा दोन्ही बिघडतात. तिच्या मागे उठणारी लाट काठावरच्या होडीला उलटवू शकते, कांदळवनाचा चिखल धुऊन नेऊ शकते. ठाणे खाडीतील रोहितांचे अभयारण्य २०२२ साली रामसर यादीत गेले. तेथे तर ही लाट म्हणजे केवळ गैरसोय नव्हे.

म्हणजे वेगवान बोटीच्या चालकालाही पुष्कळ शिकावे लागते, आणि ते शिडाच्या शिक्षणात आपोआप येत नाही. इंजिनाचा आवाज बदलला तर काय बिघडले असावे, लाटेवर चढताना वेग किती उतरवावा, इंधनाचा तिसरा हिस्सा जाण्यास, तिसरा येण्यास आणि तिसरा राखीव कसा ठेवावा, हे त्याला आलेच पाहिजे. अशा छोट्या बोटींवर चालकाच्या मांडीला किंवा मनगटाला अडकविण्याची एक दोरी असते. चालक जागेवरून फेकला गेला की ती ओढली जाऊन इंजिन बंद पडते. मे २०१३ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॅमल नदीच्या मुखाशी, एक कुटुंब सहलीला निघाले असता त्यांची वेगवान बोट एकाएकी वळली आणि सहाही जण पाण्यात फेकले गेले. ती दोरी अडकविलेली नव्हती. रिकामी बोट पूर्ण वेगाने गिरक्या घेत त्यांच्यावरूनच पुन्हा पुन्हा गेली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी दगावली. पाचपन्नास वर्षे शीड हाताळलेल्या तांडेलालाही या दोरीचे महत्त्व कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

तेव्हा शिडाचा नाविक श्रेष्ठ आणि मोटरबोटीचा चालक कनिष्ठ, असा वाद घालण्यात अर्थ नाही. फरक आहे तो शिक्षणाच्या स्वरूपात. शिडाच्या होडीवर अडाण्याला बसविले तर ती जागची हालत नाही, किंवा काठाला लागते, किंवा कलंडते. अज्ञान तिथल्या तिथे आणि बहुधा स्वस्तात उघडे पडते. वेगवान बोटीवर अडाण्याला बसविले तर ती पहिल्याच दिवशी झोकात धावते. त्याचे अज्ञान इंजिन झाकून ठेवते. आणि ज्या दिवशी इंजिन दगा देते, धुके पडते किंवा समोर दुसरी बोट येते, त्या दिवशी ते एकदम उघडे पडते. शीड विद्यार्थ्याची परीक्षा रोज घेते, यंत्र वर्षातून एकदाच घेते. दुसऱ्या पद्धतीत उत्तीर्ण होण्यासाठी अभ्यास अधिक लागतो, आणि प्रत्यक्षात तो कमी केला जातो.

इतरांनी काय केले

ब्रिटनमधील रॉयल यॉटिंग असोसिएशनने शिडाच्या आणि यंत्राच्या नौकांसाठी दोन स्वतंत्र शिक्षणक्रम आखले आहेत. छोट्या मोटरबोटीचा प्राथमिक अभ्यासक्रम दोन दिवसांचा, तर शिडाच्या क्रीडानौकेवर नुसते उपयोगी खलाशी होण्याचा अभ्यासक्रम पाच दिवसांचा आहे. या आकड्यांतच वरचा मुद्दा आला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की नकाशा, भरती, हवामान आणि वाटेचे नियम यांचे किनाऱ्यावरील सैद्धांतिक शिक्षण दोन्ही पंथांना एकच आहे. समुद्र दोघांनाही सारखाच असतो, हे त्यामागचे तत्त्व.

भारतीय नौदलाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. क्षेपणास्त्रे आणि गॅस टर्बाइनवरच्या युद्धनौका बाळगणाऱ्या या दलाने १९९७ साली 'तरंगिणी' आणि २०१२ साली 'सुदर्शिनी' ही शिडाची जहाजे गोव्यात बांधवून घेऊन सेवेत आणली, ती शोभेसाठी नव्हेत. भावी अधिकाऱ्याला वारा, लाट आणि आपल्या सहकाऱ्यांची शक्ती यांचा अंदाज अंगावर घेऊन यावा, म्हणून ती आहेत. त्याच नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या नौकेवर एकटे निघाले आणि चार बंदरांवर थांबून १९ मे २०१० रोजी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. ५६ फुटांची ती नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात तयार झाली होती. दोंदे नौदलात पाणबुडे होते. शिडाची विद्या त्यांना त्यासाठी वेगळी कमवावी लागली. मोठ्या जहाजांवरचा अनुभव लहान नौकेवर जसाच्या तसा चालत नाही, हे ज्यांना ठाऊक होते त्यांनीच ही तयारी केली.

वाटेचे नियमही याच अनुभवातून जन्मले. समुद्रातील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली झालेले आणि १९७७ पासून अमलात असलेले आंतरराष्ट्रीय नियम सर्वसाधारणपणे असे सांगतात की यंत्राच्या नौकेने शिडाच्या नौकेला वाट द्यावी. ज्याला वळणे सोपे त्याने वळावे. पण मागून येऊन ओलांडणाऱ्याने, मग तो शिडाचा का असेना, दुसऱ्यापासून दूर राहावे. आणि अरुंद मार्गात शिडाच्या किंवा वीस मीटरांहून लहान नौकेने, ज्या नौकेला त्या मार्गाबाहेर पाणीच पुरत नाही तिला अडवू नये. अरुंद मार्गात प्रत्येकाने उजवी बाजू धरावी. रस्त्यावर जन्मभर डाव्या बाजूने गाडी हाकलेल्या माणसाचा हात आणीबाणीच्या क्षणी कोणत्या बाजूला वळेल, याचा विचार केला म्हणजे 'गाडी येते त्याला बोट येते' या समजुतीतला धोका लक्षात येतो.

एका दुपारचा धडा

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर, इंजिनाच्या चाचणीसाठी निघालेली नौदलाची एक वेगवान नौका येऊन आदळली. इंजिनातील बिघाडामुळे तिच्यावरचा ताबा सुटला, असे नौदलाने सांगितले. दोन्ही नौकांवरील मिळून १५ माणसे प्राणांस मुकली. कोणाचा दोष किती, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण त्या दुपारने दोन गोष्टी निर्विवाद दाखविल्या. वेगवान बोट बिघडली की ती जागी थांबत नाही, ती आपल्या वेगासकट दुसऱ्याच्या अंगावर जाते. म्हणून तिच्या चाचण्या आणि सराव गर्दीच्या मार्गापासून दूर असले पाहिजेत. आणि संथ प्रवासी बोटीवरही टेहळणी, प्रवाशांची मर्यादा आणि अंगावरची लाइफ जॅकेटे या औपचारिक बाबी नसतात. त्या अपघातानंतर जॅकेटांची सक्ती करण्यात आली. ती आधी का नव्हती, हा प्रश्न उरतोच.

ज्या बंदरात शतकानुशतके मोठी जहाजे येतात, जेथे पाणी खोल आणि रुंद आहे, तेथे हे घडले. उल्हासची खाडी त्याहून अरुंद आहे. तिच्यात गाळ साचला आहे. रेतीबंदरांवर वर्षानुवर्षे झालेल्या उपशाने तळाला कोठे खड्डे तर कोठे उंचवटे झाले आहेत. पुलांच्या कमानींखाली ओहोटीचे पाणी ओढ घेते. काठच्या गावांची लहान होडकी आणि जाळी अजून तिच्यात आहेत, आणि पावसाळ्यात वरून लाकडे व कचरा वाहून येतो. अशा पाण्यात ताशी पन्नास किलोमीटरांनी शे-दीडशे माणसे घेऊन जाणाऱ्याला केवळ इंजिन सुरू करता येणे पुरेसे नाही.

काय मागावे

१९१७ च्या अंतर्देशीय नौका कायद्याची जागा २०२१ च्या नव्या कायद्याने घेतली आहे. सारंग, मास्तर, इंजिन-चालक यांच्या पात्रतेची प्रमाणपत्रे ही जुनीच व्यवस्था त्यात चालू आहे. तेव्हा कायद्याची चौकट नाही असे म्हणता येणार नाही. चौकटीत काय भरायचे, हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फार खर्चिक नाही.

प्रवासी बोटीच्या प्रत्येक चालकाला प्रथम काही आठवडे वल्ह्यावर आणि शिडावर काढायला लावावेत. खाडीवरच्या पुलांखालून उंच डोलकाठी जाणार नाही हे खरे. पण गायमुख-नागला बंदराच्या बाजूच्या रुंद पात्रात लहान शिडाच्या होड्यांवर हा सराव होऊ शकतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात महाविद्यालयीन मुले-मुली असाच सराव करतात; जे विद्यार्थ्यांना जमते ते पोटासाठी हा धंदा पत्करणाऱ्याला जड जाऊ नये. दुसरे असे की वेगवान बोटीचे शिक्षण त्यानंतर स्वतंत्रपणे द्यावे, आणि त्याची परीक्षा निवांत दुपारी, भरल्या पाण्यात घेऊ नये. ती अमावास्येच्या उधाणाच्या ओहोटीत, अंधारात घ्यावी, आणि मधेच इंजिन बंद करून आता काय कराल, असे विचारावे. तिसरे, या परीक्षेच्या मंडळावर खाडीकाठचा एखादा जाणता तांडेल असावा. तळ कोठे वर आला आहे हे नकाशापेक्षा त्याला आधी कळते, आणि ज्यांची खाडी आहे त्यांनाच त्या योजनेत परके करून ठेवणे न्यायालाही धरून नाही.

यावर आक्षेप असा येईल की ज्याला जन्मभर यंत्राचीच बोट चालवायची आहे त्याला शीड शिकविण्यात वेळ का दवडावा? दोन दिवसांत तयार होणारा माणूस दोन महिने अडकवून ठेवला तर फेऱ्यांचा खर्च वाढेल आणि तो तिकिटावर पडेल. आक्षेप अगदी पोकळ नाही. शीड शिकलेला चालकही चुकतो. आणि शिडाच्या शिक्षणाने इंजिनातील बिघाड टळत नाहीत. पण ज्या क्षणी इंजिन बंद पडते त्या क्षणी वेगवान बोट ही शीड नसलेली होडी होते आणि तिला वारा व ओहोटी जिकडे नेतील तिकडे ती जाते. त्या वेळी ती कोणत्या बाजूला वाहत जाणार, नांगर कोठे धरेल, पुलाच्या खांबापासून आपण किती मिनिटे दूर आहोत, हे ज्याला न विचारता कळते, असाच माणूस सुकाणूवर हवा. ते कळण्याची शाळा शिडाखेरीज दुसरी फारशी नाही. तिकिटात रुपया-दोन रुपये वाढले तरी ही फी महाग नाही.

ठाणे-कल्याणच्या माणसाने लोकलच्या दारात लोंबकळण्याची सवय इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की प्रवासातील धोका हा त्याला पासाबरोबरच मिळाल्यासारखा वाटतो. खाडीचा मार्ग उद्या खरोखर खुला झाला, तर पहिल्या बोटीला झेंडा दाखविताना तिचा वेग ताशी किती, हे अभिमानाने सांगितले जाईल. त्या वेळी धक्क्यावर रांगेत उभ्या असलेल्या शिक्षकाने किंवा कारकुनाने, चालक कोठे आणि किती दिवस शिकला, हेही विचारावे. त्याचे लेखी उत्तर धक्क्यावरच्या फलकावर, भाड्याच्या दरांशेजारी, लावण्याची सक्ती व्हावी, एवढी मागणी तरी आजपासून करता येण्यासारखी आहे.